‘संशयकल्लोळ’ हौशी मंडळींच्या हाती द्या

हौशी नाट्यसंघाच्या बैठकीत कुणी ‘यंदा संगीत नाटक बसवू या’ असं सुचवलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गाणारे कुठून आणायचे? त्याला उत्तर मिळत नाही, विषय तिथेच थांबतो आणि संघ चार पात्रांचं, एका दिवाणखान्यात उरकणारं गद्य नाटक हाती घेतो. गावोगावचे गणेशोत्सव, बँकांच्या आणि कारखान्यांच्या नाट्यशाखा, महाविद्यालयांची स्नेहसंमेलनं यांतून संगीत नाटक मागे सरत गेलं ते असंच. त्यावर कुणी बंदी घातली नाही, लोकांना ते नकोसंही झालं नव्हतं. आपल्याला ते झेपणार नाही, एवढी एक समजूत मात्र घट्ट बसली. गंभीर, रागदारीच्या अंगाने वाढलेल्या नाटकांबद्दल ती काही अंशी खरी मानता येईल. विनोदी संगीत नाटकाच्या बाबतीत ती सपशेल चुकीची आहे. अशा नाटकासाठी पहिला प्रश्न ‘गाणारे कोण’ हा नसतोच. तालमीला रोज येणारे, शब्द स्वच्छ फेकणारे आणि समोरच्याच्या वाक्यावर नेमक्या क्षणी चमकणारे लोक आहेत का, हे आधी पाहायचं असतं. तसे लोक प्रत्येक गावात आहेत. म्हणून माझी मागणी अशी की गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ हौशी मंडळींनी पुन्हा आपलं मानावं, आणि शासनापासून परीक्षकांपर्यंत सर्वांनी त्यांच्या वाटेतले अडसर काढावेत.

उदाहरणाला ‘संशयकल्लोळ’च घेतो, कारण या नाटकाच्या जन्मकथेतच उत्तर दडलेलं आहे. मोलिएरने १६६० मध्ये पॅरिसमध्ये एक छोटा फार्स रंगभूमीवर आणला. बायकोवर नाहक संशय घेणारा नवरा आणि नवऱ्यावर तितकाच नाहक संशय घेणारी बायको, एवढाच त्याचा जीव. शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फीने त्यावरून इंग्रजीत पाच अंकांचं नाटक रचलं. ते देवलांच्या हाती आलं आणि १८९०च्या दशकात मराठीत उतरलं ते गद्य नाटक म्हणून. त्यात पदं नव्हती. पदं आली ती पुढे, गंधर्व नाटक मंडळीसाठी, आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ या रूपात ते रंगभूमीवर आलं १९१६ मध्ये. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते. आपल्या नाटकाचा हा संगीतावतार त्यांना पाहायला मिळाला नाही. या क्रमाकडे नीट पाहावं. हा विनोद फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये आणि पहिली वीसेक वर्षं महाराष्ट्रातही गाण्याशिवाय उभा होता. देवलांची पदं अस्सल आहेत, त्यांनी नाटकाला रंग चढवला यात शंका नाही. पण ती चढली आहेत आधीच भक्कम उभ्या असलेल्या सांगाड्यावर. पहिल्या संचात रेवती बालगंधर्वांची होती आणि फाल्गुनराव गणपतराव बोडसांचा. त्या फाल्गुनरावाचं नाव आजही घेतलं जातं ते अभिनयासाठी. देवलांनी पात्रांना नावं दिली तीसुद्धा अशी की श्रेयनामावली वाचतानाच प्रेक्षक गालात हसतो: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या हे महिन्यांतून आले आणि कृत्तिका, रेवती, रोहिणी या नक्षत्रांतून.

नाटकातला तसबिरीचा प्रवेश जवळून पाहा. अश्विनशेठने आपल्या प्रेयसीला, रेवतीला, स्वतःची तसबीर दिली आहे. रस्त्यात रेवतीला घेरी येते, जवळून जाणारा फाल्गुनराव भल्या मनाने तिला सावरतो, आणि नेमकं तेवढंच दृश्य खिडकीतून त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, नजरेस पडतं. ती तरातरा खाली येते तोवर रस्ता मोकळा झालेला असतो आणि तिथे पडलेली असते ती तसबीर. ती उचलून कृत्तिका पाहत असतानाच फाल्गुनराव परततो. परक्या देखण्या पुरुषाची तसबीर हाती धरलेली बायको त्याला दिसते. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं खरं आहे आणि दोघांचाही निष्कर्ष खोटा आहे. आता हा प्रवेश बसवताना लागतं काय? घेरी किती वेळ टिकावी, खिडकीतून दिसावं किती आणि झाकलं जावं किती, तसबीर कुठे पडली म्हणजे प्रेक्षकाला दिसेल आणि फाल्गुनरावाला दिसणार नाही, दोन स्वगतांमध्ये श्वासाएवढीही फट कशी राहू नये. हे सगळं तालमीत घासून घासून येतं. त्यासाठी गळ्यात तान असावी लागत नाही; पन्नास वेळा तोच प्रवेश करायची तयारी असावी लागते. ही तयारी, प्रयोगामागून प्रयोग करत हिंडणाऱ्या धंदेवाईक नटापेक्षा, दोन-तीन महिने रोज संध्याकाळी एका खोलीत जमणाऱ्या हौशी संघाकडे अधिक असते. आणि अशा प्रवेशानंतर येणारं पद मुळात लहान असायला हवं. प्रेक्षक तसबिरीत अडकलेला आहे; गायकाने दहा मिनिटं विस्तार केला तर गाणं कितीही सुरेल असो, तसबीर विसरली जाते आणि पुढच्या प्रवेशाला विनोद नव्याने पेटवावा लागतो.

मग गाणं एवढं मोठं झालं कसं? अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला. अण्णासाहेब तेव्हा सरकारी नोकरीत होते. आजच्या भाषेत हौशीच. त्यांच्या पदांच्या चाली आल्या त्या साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तन आणि कानडी नाटकं यांतून, म्हणजे लोकांच्या कानावर रोज पडणाऱ्या सुरांतून. त्यांच्याच ‘सौभद्र’मध्ये शंभरावर पदं आहेत. इतकी पदं एका प्रयोगात बसतात याचा अर्थच असा की त्यांतली पुष्कळशी चार ओळींत आपलं काम करून बाजूला होत. संवाद जसा पुढे सरकतो तशी ती पदं पुढे सरकत. वळण आलं ते पुढे. ‘मानापमान’ला १९११ मध्ये गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, ‘स्वयंवर’ला १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी, आणि ख्याल-ठुमरीचं वैभव रंगभूमीवर आलं. त्या वैभवाबद्दल मराठी माणसाने कृतज्ञच असावं. त्या चालींनी रागदारी घराघरांत पोचवली आणि बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांचे गळे त्या काळाला मिळाले. पण वन्समोअर घेत पहाटेपर्यंत रंगणाऱ्या त्या प्रयोगांनी एक मापही मागे ठेवलं, आणि ते माप आपण सगळ्याच संगीत नाटकांना लावत आलो. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, नभोवाणी आली, नाट्यगीतांच्या मैफली आल्या. पद नाटकातून सुटं झालं, मैफलीत वाढलं, आणि वाढलेल्या रूपात नाटकात परत आलं. आज एखाद्या हौशी नटाने अश्विनशेठचं पद मूळ बेताने, अडीच मिनिटांत गायलं तर ऐकणाऱ्याला ते अपुरं वाटतं, कारण कानात मुद्रिकेवरचं किंवा मैफलीतलं गाणं भरलेलं असतं. नटाच्या मनातली भीती इथूनच येते.

याच काळात इंग्लंडमध्ये विनोदी ऑपेराचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ‘शाकुंतल’च्या बरोबर दहा महिने आधी, ३१ डिसेंबर १८७९ रोजी, लेखक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन या जोडीचा ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आला. लंडन सोडून न्यूयॉर्क का, याचं कारण मोठं बोलकं आहे. त्याआधीच्या वर्षीचा त्यांचा ‘एचएमएस पिनाफोर’ अमेरिकेत इतका लोकप्रिय झाला की परवानगी न घेता जो तो त्याचे प्रयोग करू लागला. त्यांत चर्चमधले गायकवृंद होते, मुलांचे संच होते, हौशी मंडळी होती. आपलं नवं काम तरी आपल्या हाती राहावं म्हणून कर्त्यांना समुद्र ओलांडावा लागला. लोकांना ते स्वतः करून पाहावंसं वाटलं, कारण ते करता येण्याजोगं होतं. मुख्य विनोदी भूमिकांसाठी या जोडीने जॉर्ज ग्रॉस्मिथला निवडलं. तो ऑपेराचा गायक नव्हता. पियानोपुढे बसून नकला आणि विनोदी गाणी सादर करणारा रंजनकार होता. त्याच्यासाठी लिहिलेली गाणी वेगवान शब्दांची आहेत. त्यांत सुरांचा पल्ला छोटा, पण एकही अक्षर गिळलं तर विनोद गेला. गिल्बर्ट छोट्या प्रतिकृती-रंगमंचावर लाकडी ठोकळे मांडून प्रत्येक पात्राची हालचाल आधी ठरवून ठेवत असे आणि तालमीत शब्द ऐकू येण्यावर त्याचा कटाक्ष असे. सलिव्हन हा शिक्षणाने आणि महत्त्वाकांक्षेने गंभीर संगीतकार, तरीही या ऑपेरांत त्याने वाद्यं अशी ठेवली की ती शब्दांवर चढत नाहीत. अशा रचनेत नट शिरू शकतो, पोस्टातला कारकून शिरू शकतो, शाळेतली शिक्षिका शिरू शकते.

शिवाय तिथे समूह आहे. ‘पिनाफोर’मध्ये खलाशी आणि मंत्रिमहोदयांच्या बहिणी, मावश्या, आत्या, ‘पायरेट्स’मध्ये चाचे आणि पोलीस, ‘आयोलान्थी’त एकीकडे पऱ्या आणि दुसरीकडे उमराव. वीस-तीस जणांना उभं राहायला, गायला आणि हसवायला त्यात जागा आहे. ज्याला एकट्याने गाण्याचं धाडस नाही तो समूहात उभा राहतो, दोन वर्षांनी छोटी भूमिका करतो, पाच वर्षांनी मोठी. हौशी संघ टिकतो तो अशा जिन्यामुळे. फिलाडेल्फियातली ‘सॅव्हॉय कंपनी’ १९०१ पासून केवळ याच ऑपेरांचे हौशी प्रयोग करत आली आहे. मूळ हक्क सांभाळणारी लंडनची डॉयली कार्ट कंपनी हौशी संघांकडून मानधन घेई आणि आपल्याच पद्धतीने प्रयोग व्हावेत असा आग्रह धरी. १९६१ अखेर हक्कांची मुदत संपली आणि तेही बंधन गेलं. पुढे पैशाअभावी ती धंदेवाईक कंपनीच १९८२ च्या फेब्रुवारीत बंद पडली. शंभर वर्षं जिने हा वारसा सांभाळला तीच गेल्यावर ऑपेराही जायला हवा होता. तो गेला नाही. कारण तोवर तो शेकडो गावांतल्या सभागृहांत आणि चर्चच्या दालनांत मुरला होता. डर्बीशरमधल्या बक्स्टन या छोट्या गावी १९९४ मध्ये सुरू झालेल्या महोत्सवात देशोदेशीचे हौशी संघ आपापले प्रयोग घेऊन येऊ लागले. धंदेवाईक मंडळी कोसळली तरी कलाप्रकार जगू शकतो, पण त्यासाठी आधीच तो हौशींच्या हातात गेलेला असावा लागतो. या पुराव्याकडे आपण डोळेझाक करू नये.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे, म्हणून हा पुरावा परका मानण्याचं कारण नाही. ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ मध्ये आला, बोलपटांनी प्रेक्षक नेले आणि त्या दशकात एकामागून एक नाटक मंडळ्यांनी डेरे गुंडाळले. त्यानंतर संगीत नाटक जगवलं ते पगार दुसरीकडून घेणाऱ्या लोकांनी. गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाने जुनी नाटकं पुन्हा उभी केली. पुण्यात १८९४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मंडळातून जन्मलेल्या भरत नाट्य संशोधन मंदिराने ती सातत्याने केली. अश्विनशेठ म्हटलं की ज्यांचं नाव ओठावर येतं ते रामदास कामत नोकरी सांभाळून रंगभूमीवर गायले. ज्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ने १९६० मध्ये संगीत नाटकाला नवा प्रेक्षक मिळवून दिला ते विद्याधर गोखले वृत्तपत्राचे संपादक होते. गोव्यात तर गावच्या देवळातल्या उत्सवात गावकऱ्यांनीच नाटक करायचं ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. शेती करणारा, दुकान चालवणारा, शाळेत शिकवणारा माणूस तोंडाला रंग लावून उभा राहतो आणि समोर बसलेला गाव त्याला ओळखत असतो. रामदास कामत म्हापशाचे, प्रसाद सावकार गोव्याचेच, जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. एवढ्याशा प्रदेशातून एवढे गळे निघाले याची कारणं अनेक असतील, पण नाटक पाहण्याइतकंच ते करण्याची जिथे सवय होती तिथे हे झालं, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. रत्नागिरीची खल्वायन संस्था आजही संगीत नाटकं बसवते. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा स्वतंत्र विभाग आहे. तेव्हा पाळंमुळं शाबूत आहेत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप दर्जाचा आहे. बेसूर गाणं ऐकवून ‘संशयकल्लोळ’चं नाव घालवायचं का, असं रसिक विचारतील, आणि त्यांची काळजी खरी आहे. सूर लागत नसेल तर पद म्हणू नये, हे मीही म्हणतो. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. सुरात गाणं आणि मैफलीसारखं गाणं या एक नव्हेत. भजनी मंडळात, आरतीत, शाळेच्या समूहगीतात सुरात गाणारी हजारो माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्यातला एखादा तीन महिन्यांत सहा पदं नेटकी बसवू शकतो, ती अर्थासकट म्हणू शकतो. त्याच्याकडून दाणेदार तानांची अपेक्षा करणं हा त्याच्यावरही अन्याय आणि पदावरही. विनोदी नाटकात पदाचं पहिलं काम पात्राच्या मनात काय चाललंय ते सांगणं हे असतं; अश्विनशेठ रुसला आहे, रेवती दुखावली आहे, हे पोचलं की पद उभं राहिलं. दर्जा घसरतो तो वेगळ्याच कारणाने, असं मला वाटतं. गायक मिळवण्याच्या धावपळीत संघ बाहेरून कुणालातरी आणतो. तो शेवटच्या चार तालमींना येतो, आपली पदं गातो, आणि संवादांच्या वेळी पुतळ्यासारखा उभा राहतो. अशा प्रयोगात गाणं चांगलं होतं आणि नाटक पडतं. मग ‘संगीत नाटक आता चालत नाही’ असा शेरा मारला जातो.

दुसरा आक्षेप असा की व्यावसायिक मंडळी हे काम करतच आहेत, हौशींनी लुडबुड कशाला? प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी काही वर्षांपूर्वी ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा तरुण प्रेक्षकही नाट्यगृहात आला. ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट २०१५ मध्ये लोकांनी उचलून धरला, ‘संगीत मानापमान’ही २०२५ मध्ये पडद्यावर आलं. यांचं मोल मोठं आहे आणि यापुढेही असे प्रयत्न व्हावेत. मात्र यांतून तयार होतो तो प्रेक्षक. एखाद्या लोकप्रिय नटाच्या तारखा संपल्या की तो प्रयोग थांबतो, आणि तालुक्याच्या गावी तर तो बहुधा पोचतच नाही. शिवाय पाहण्यातून नाटक जितकं कळतं त्याहून कितीतरी अधिक ते करण्यातून कळतं. देवलांचा संवाद वाचताना साधा, घरगुती वाटतो. तो पाठ करून म्हणायला लागलं की कळतं, एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी हशा हुकतो. हे ज्याने तोंडाने अनुभवलं तो मराठी बोलताना-लिहिताना आयुष्यभर सावध राहतो. भाषेबद्दल आपण एवढी चिंता व्यक्त करतो. तरुणांच्या जिभेवर शंभर वर्षांपूर्वीचं खुसखुशीत, नितळ मराठी बसवणारा याहून आनंदाचा मार्ग मला दिसत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बायकोवर पाळत ठेवणारा नवरा हा हसण्याचा विषय आहे का? अनेक घरांत संशय हा छळाचा पहिला टप्पा असतो, हे माहीत असताना फाल्गुनरावावर हसायचं कसं? रेवती कलावंतिणीच्या घरातली, तिच्या निष्ठेचीच परीक्षा नाटकभर चालते, ते आजच्या मुलींनी का सोसावं? हे प्रश्न टाळून नाटक बसवू नये. पण देवलांनी हशा कोणाच्या बाजूला ठेवला आहे तेही पाहायला हवं. संशय घेणाऱ्यावर हसायचं आहे, जिच्यावर घेतला तिच्यावर नाही. आणि कृत्तिकेलाही तेवढ्याच जोमाने संशय घ्यायचा अधिकार देऊन नाटककाराने पारडी समान केली आहेत. फाल्गुनरावाला खट्याळ, गोड म्हातारा करून सोडला तर नाटक आक्षेपार्ह होतं. त्याची भीती, त्याचं असुरक्षितपण आणि त्यातून येणारा मूर्खपणा दाखवला तर ते आजचं होतं. असा वाद इंग्लंड-अमेरिकेतही झाला. ‘द मिकाडो’ हा गिल्बर्ट-सलिव्हनचा १८८५चा ऑपेरा काल्पनिक जपानात घडतो. जपानी राजपुत्राच्या भेटीच्या वेळी १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यावर काही काळ बंदी घातली होती, आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका संस्थेला, गोऱ्या नटांनी जपानी सोंगं घेण्यावरून टीका झाल्यावर, जाहीर केलेले प्रयोग मागे घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी तिने नवी मांडणी करून ते पुन्हा आणलं. जुनी कृती कपाटात ठेवून हे घडलं नसतं. कोणती ओळ ठेवायची, कोणती कापायची, कोणता हशा नाकारायचा, हे ठरवायची खरी जागा तालमीची खोली आहे, आणि त्या खोलीत आजच्या स्त्रिया असतात. बालगंधर्वांच्या काळी रेवती पुरुष करत असे. आज ती करणारी मुलगी दिग्दर्शकाला प्रश्न विचारू शकते. नाटकासाठी हे फार मोलाचं आहे.

आता अडचणी, ज्या खऱ्या आहेत पण सुटण्यासारख्या. पहिली पट्टीची. स्त्रीभूमिकांची पदं पुरुषगळ्यांसाठी बसली, त्यामुळे आजच्या मुलींना ती अवघड जातात आणि अश्विनशेठ-रेवतीच्या लागोपाठच्या पदांत पट्टी बदलताना अवघडल्यासारखं होतं. याला उपाय एवढाच की ज्याचा गळा जिथे मोकळा लागतो ती पट्टी धरायची. काळी एक असो की पांढरी चार, प्रेक्षक ते मोजत बसत नाही. दुसरी अडचण साथीची. पायपेटी दुर्मीळ झाली, ती वाजवणारे त्याहून दुर्मीळ. मग साध्या हार्मोनियमवर करा. गावातल्या भजनी मंडळाचा पेटीवाला आणि तबलजी पहिल्या तालमीपासून संघात घ्या, त्यांना पात्रं समजून वागवा. वाक्य संपता संपता सूर द्यायचा असतो आणि हे शेवटच्या दिवशी जमत नाही. तिसरी, सर्वांत मोठी अडचण संहितेची. देवलांचे हक्क संपून कित्येक वर्षं झाली, नाटक कुणीही करू शकतं. पण हौशी संघाच्या हाती सहसा पडते ती वाचायची प्रत. त्यांना हवी ती प्रयोगाची प्रत: दोन-सव्वादोन तासांत बसेल अशी काटछाट सुचवणारी, पदांचं मूळ लहान रूप स्वरलिपीसह देणारी, कुठलं पद गाळलं तर कथानक तुटत नाही ते सांगणारी, आणि सोबत साध्या गळ्याने गायलेल्या चालींचं ध्वनिमुद्रण असलेली. गिल्बर्ट-सलिव्हनच्या ऑपेरांची अशी स्वरांसकट छापील प्रत मिळत होती म्हणून ते गावोगाव पोचले. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने ‘संशयकल्लोळ’ आणि ‘सौभद्र’ या दोन नाटकांच्या तरी अशा प्रती तयार करून फुकट उपलब्ध कराव्यात. त्याला लागणारा खर्च एखाद्या महोत्सवाच्या मांडवापेक्षा जास्त असणार नाही. परीक्षकांनीही गायनासाठी वेगळं पारितोषिक जरूर द्यावं, पण प्रयोगाचे गुण देताना पद प्रवेशात मुरलं आहे का ते आधी पाहावं.

‘संशयकल्लोळ’मध्ये इंग्रजी ऑपेरासारखा समूह नाही, हे मान्य. तरी नांदी आहे. ती दोघा-चौघांनी म्हणायची ही केवळ सवय आहे. संघातल्या पंचवीस जणांनी, पडद्यामागच्या मंडळींसकट, रंगमंचावर येऊन एकत्र नांदी म्हणावी. ज्यांनी कधी एकट्याने गायलं नाही त्यांचा पहिला सूर तिथे लागेल. पुढच्या वर्षी त्यांतलाच एखादा भादव्या होईल. गृहनिर्माण संस्थांच्या, कार्यालयांच्या, महाविद्यालयांच्या नाट्यशाखांना आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनाही माझी विनंती आहे: यंदाच्या नाटकाची बैठक बसेल तेव्हा गाणाऱ्यांचा विषय शेवटी काढा. आधी फाल्गुनराव आणि कृत्तिका कोण ते ठरवा, तसबिरीचा प्रवेश वाचून पाहा, आणि तो वाचताना खोलीत हशा पिकला तर त्याच संध्याकाळी तालमीची तारीख लावा.